द्रोव्हिनियाचं परराष्ट्र धोरण

द्रोव्हिनियाचा राष्ट्राध्यक्ष होण्याआधी मी पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दोन्ही कामांत बराच सारखेपणा आहे. दोन्हीकडे फारसं कोणी विचारत नाही, आणि दोन्हीकडे गेलेली वस्तू परत येईल की नाही याची काळजी करत बसावं लागतं. पण हे मला पुष्कळ नंतर सुचलं. खुर्चीत बसवलं तेव्हा मला एवढंच वाटत होतं, की आपल्याला हे जमणार नाही.

आम्ही, म्हणजे मी आणि शोभा, जानेवारीत शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या मुलाकडे, सत्यजितकडे आलो होतो. जूनमध्ये परत जायचं होतं. फेब्रुवारीत मी सकाळी टपाल आणायला म्हणून फाटकापर्यंत गेलो आणि मेलबॉक्सपाशी बर्फावरून घसरलो. कुठे काही मोडलं नाही. कोपराला खरचटलं आणि चष्म्याची एक काडी वाकली. पण त्या दिवसापासून सत्यजितने जाहीर केलं, की बाबांनी एकट्याने बाहेर पडायचं नाही. माझ्या फोनमध्ये त्याने काहीतरी बसवलं, त्यामुळे मी घरातल्या घरात कोणत्या खोलीत आहे हेसुद्धा त्याला ऑफिसात दिसतं असा मला संशय आहे. शोभा म्हणते, दिसत नाही. पण तिला हे सांगायला सोपं आहे. ती रोज शेजारणींबरोबर फिरायला जाते, मंदिरात जाते, कोणाच्या तरी गाडीत बसून भाजी आणते. ती पहिल्यापासून सार्वभौम आहे.

बर्फ वितळला, झाडांना पानं आली, तरी हुकूम उठला नाही. मला फार काही नको होतं. इथून शिकागोला ट्रेन जाते. तिथल्या मोठ्या सार्वजनिक वाचनालयात सर्वात वरच्या मजल्यावर काचेच्या छताखाली बसून वाचायची जागा आहे, असं मी वाचलं होतं. परत जाण्याआधी एकदा त्या ट्रेनने एकट्याने जावं, तिथे बसावं आणि परत यावं, एवढीच इच्छा. सत्यजित म्हणायचा, "बाबा, मी नेतो ना तुम्हाला. एखाद्या वीकेंडला ड्राइव्ह करून जाऊ." वीकेंड येत होते आणि जात होते. आणि मला कोणाबरोबर जायचंच नव्हतं. पुस्तकांमध्ये माणूस वेळ काढतो तेव्हा बाजूला घड्याळ बघणारं कोणी असलं, की काही खरं नसतं. पण हे मुलाला कसं सांगायचं? काही मागायचं म्हटलं की माझा आवाज घशातच बसतो. मी म्हणायचो, "हो, जाऊ."

शनिवारी दुपारी सत्यजितच्या घरी खेळ असायचा. तळघरातल्या पिंगपाँगच्या टेबलावर शिवांगीने काढलेला मोठा नकाशा अंथरलेला होता. शिवांगी इथे पीएचडी करते, केमिस्ट्रीत. पण तिचा जीव इतिहासात आहे, त्यातही न झालेल्या इतिहासात. तिच्या नकाशावरच्या जगात दुसरं महायुद्ध कोणीच जिंकलेलं नाही. दमून सगळे थांबले आणि युरोपचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडे लाल संघराज्य, ते सत्यजितचं. पश्चिमेकडे निळी आघाडी, ती उल्हासची. उल्हास नागपूरचा, सत्यजितच्या ऑफिसातला, दोन गल्ल्या सोडून राहणारा. दक्षिणेला एक तटस्थ देश, तो आमच्या सुनेचा, आसावरीचा. आणि या सगळ्यांच्या मधोमध, डोंगरात, तळहाताएवढा द्रोव्हिनिया. एका शनिवारी एक वर्ष खेळायचं, आणि १९५३ संपलं की खेळ संपला.

द्रोव्हिनिया यश नावाच्या मुलाचा होता. त्याच्या कंपनीने त्याला दुसऱ्या राज्यात, प्लेनोला पाठवलं आणि देश पोरका झाला.

"काका, तुम्ही बसा ना," शिवांगी म्हणाली. "फार काही करायचं नसतं. द्रोव्हिनिया सॅटेलाइट स्टेट आहे."

"म्हणजे मांडलिक," मी म्हणालो.

"तसंच, पण मांडलिक उघड असतो. हे कागदोपत्री स्वतंत्र आहेत. झेंडा आहे, संसद आहे, तिकिटं आहेत. फक्त संघराज्य जे सांगेल त्याला 'नाही' म्हणता येत नाही. एवढा एकच रूल."

मी सत्यजितकडे बघितलं. संघराज्य फोनवर बोटं फिरवत होतं.

"मला नाही वाटत मला जमेल," मी म्हणालो.

शोभा जिन्यावरून चिवड्याची ताटली घेऊन येत होती. ती म्हणाली, "'हो' म्हणायचं आणि गप्प बसायचं, एवढंच काम आहे ना? मग यांच्यासारखा माणूस सापडायचा नाही तुम्हाला."

सगळे हसले आणि मी बसलो.

"बाबा, एक सांगून ठेवतो," सत्यजित म्हणाला, "शेवटी मी द्रोव्हिनिया खाणार आहे. पर्सनली घेऊ नका. तिथून खिंडीतून सरळ उल्हासच्या राजधानीवर उतरता येतं. यशलाही माहीत होतं."

"हो," मी म्हणालो.

"अबे, पहिल्याच दिवशी बापाला खातो म्हणतोस?" उल्हास म्हणाला.

"अरे, गेम आहे! बरं बाबा, हे घ्या. खेळ संपताना द्रोव्हिनिया नकाशावर दिसला ना, तर तुम्ही म्हणाल ते. काहीही मागा."

"मी ऐकलंय हं," शोभा ताटली ठेवत म्हणाली.

आता खेळातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आसावरीने वाण म्हणून स्टीलच्या इवल्याशा डब्या मागवल्या होत्या आणि त्या पुष्कळ उरल्या होत्या. शिवांगीने त्यांचे ट्रक केले. झाकणावर आसावरीच्या नेलपॉलिशचा ठिपका, लाल संघराज्याचे, निळे आघाडीचे. आत माल: शेंगदाणे म्हणजे धान्य, बदाम म्हणजे पोलाद, लवंगा म्हणजे तेल. द्रोव्हिनियात फक्त चेरीचा मुरंबा तयार होतो, त्याच्या मनुका. सैन्यही ट्रकमधूनच हलतं. जितके ट्रक हाताशी, तितकीच पलटण पुढे सरकते. मोठ्या दोघांकडे सहा-सहा ट्रक होते. माझ्याकडे एक, बिनठिपक्याचा, झाकण जरा सैल.

पहिले दोन शनिवार मी 'हो' म्हणत राहिलो. संघराज्याने माझी घड्याळं त्याच्या वेळेवर लावायला सांगितली, मी लावली. त्याने चौकात त्याच्या नेत्याचा पुतळा उभा करायला सांगितला, तोही केला. मधल्या दिवसांत मला दुसरं काम नव्हतं. आसावरीने गावातल्या वाचनालयातून आणून दिलेली पुस्तकं वाचत मी खऱ्या अंकित राष्ट्रांचे हाल समजून घेत होतो आणि माझ्या देशाचे तपशील भरत होतो. आमच्या राष्ट्रगीताला शब्द नव्हते, नुसती चाल होती, म्हणजे कोणाला आक्षेप घ्यायला जागा नको. चौकातल्या पुतळ्याचं तोंड मी डोंगराकडे केलं. रस्त्यावरून फक्त त्याची पाठ आणि ओव्हरकोट दिसे. पुतळा कोणाचा, हे ज्याने त्याने ठरवावं. शिवांगीला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की मला आपण काही चुकीचं तर केलं नाही ना, अशी शंका आली.

तिसऱ्या शनिवारी मी जरा धीर केला.

"संघराज्याची परवानगी असेल तर आघाडीला थोडा मुरंबा पाठवावा म्हणतो," मी म्हणालो. "शेजारी आहेत."

"हो हो, पाठवा," सत्यजित म्हणाला. त्याला ऑफिसचा मेसेज आला होता.

मी माझ्या डबीत चार मनुका घातल्या, झाकण दाबलं आणि डबी उल्हाससमोर सरकवली. उल्हासने ती उघडली आणि मनुका तोंडात टाकल्या.

"दादा, ती निर्यात आहे!" शिवांगी ओरडली.

"मग आयात केली ना मी," उल्हास चावत म्हणाला. मग त्याने डबी परत द्यायला उचलली, आणि त्याचा हात हवेतच थांबला. त्याने डबीत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आपल्या बशीतला एक बदाम उचलून डबीत टाकला, मग आणखी एक.

"हे काय?" सत्यजितने फोन खाली ठेवला. "तू त्याला पोलाद देतोस? हा माझा सॅटेलाइट आहे!"

"अबे, रिकामी डबी कशी देऊ काकांना? बरं दिसते का ते?"

"गेम आहे हा!"

"गेम असू दे. डबी खरी आहे ना."

शिवांगीने नियमांचे कागद चाळले. ट्रक भरून परत करावा असा नियम नव्हता, आणि करू नये असाही नव्हता.

मी हे आधीपासून ठरवून केलं, असं म्हणणं खोटं ठरेल. मी खरोखरच शेजारी म्हणून मुरंबा पाठवला होता. पण त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा वरच्या फळीवर नजर गेली. तिथे दुसऱ्यांच्या घरचे डबे एकावर एक रचलेले असतात. उल्हासच्या घरून गणपतीत आलेले तीन, कोपऱ्यावरच्या तेलुगू काकूंचा एक, आणखी कोणाचे कोण जाणे. आसावरीला ते द्यायचे असतात, पण आत घालायला काही केलेलं नसतं, म्हणून ते थांबतात. महिनोन्‌महिने थांबतात. मी बराच वेळ त्या फळीखाली उभा होतो. आसावरी म्हणाली, "बाबा, काही हवंय का?" मी म्हणालो, "नाही, असंच."

पुढच्या शनिवारी संघराज्यातून लाल ठिपक्याचा ट्रक आला. शेंगदाणे, बदाम आणि वर एक लवंग.

"मित्रराष्ट्राकडून," सत्यजित म्हणाला. "आघाडीच्या दोन बदामांनी कोणी भारावून जाऊ नये म्हणून."

"आभारी आहे," मी म्हणालो. लाल ट्रकमध्ये सहा मनुका भरून मी तो परत केला. मग उल्हासने निळे तीन पाठवले. मग सत्यजितने लाल तीन. शोभा चहा देता देता सगळं बघत होती.

"त्याने पाठवले त्यात लवंगा जास्त दिसतात रे," ती सत्यजितला म्हणाली.

"आई, तू यात पडू नकोस."

"मी कुठे पडते? जे दिसतं ते म्हटलं."

सत्यजितने चौथा ट्रक भरला.

आसावरीचा देश तटस्थ होता. तिला फारसं खेळायचं नसे. तिने सगळा वेळ विणकाम चालवलेलं असे. पण त्या दिवशी तिने सुया थांबवल्या, माझ्यापुढच्या डब्यांच्या रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विणायला लागली. तिच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा मला वाटला. मी पडलो तेव्हापासून माझा चष्मा जरा वाकडाच आहे, त्यामुळे खात्री देत नाही.

१९५२ साली शिवांगीने त्या वर्षाच्या संकटाचा पत्ता ओढला: थंडीची लाट. द्रोव्हिनियातली चेरीची झाडं गेली. नवी लावली तर फळ धरायला चार वर्षं.

"सॉरी काका," ती म्हणाली आणि माझ्या बशीतल्या मनुका उचलून घेतल्या. उल्हासने त्यातल्या दोन वाटेतच गाठल्या.

माझ्या हद्दीत त्या वेळी लाल चार आणि निळे तीन ट्रक उभे होते.

"आता कसं करणार?" उल्हासने विचारलं. "खायला आहे ना देशात?"

"आहे, तुम्ही दिलेलं आहे," मी म्हणालो. "पण तुमचे ट्रक परत करायला जरा उशीर होईल. आत घालायला काही नाही."

"अरे, काही घाई नाही काका. होऊ द्या सावकाश." आणि उल्हासने मदत म्हणून आणखी दोन निळे पाठवले. दुष्काळ म्हटल्यावर त्याला राहवेना. त्याने पाठवले म्हटल्यावर सत्यजितला राहवेना. त्याने उरलेले दोन्ही लाल पाठवून दिले, शेंगदाण्यांनी गच्च भरून, आणि आईकडे बघितलं. शोभाने मान डोलावली.

शेवटच्या शनिवारी मी सकाळपासून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होतो. विमानाची तिकिटं फ्रिजवर लावलेली होती आणि त्यांच्यावरची तारीख येता-जाता दिसत होती. हा देश पुसला गेला तर मी काही मागणार नव्हतो. कोणी अडवलं नसतं, पण मीच मला ओळखतो. मी 'हो, जाऊ' म्हणत विमानात जाऊन बसलो असतो.

सत्यजित हातांची बोटं मोडत बसला. "चला. एकोणीसशे त्रेपन्न. सॉरी बाबा. लाल पलटण द्रोव्हिनियात शिरते, खिंड ताब्यात घेते आणि देश संघराज्यात विलीन होतो."

"किती ट्रक?" शिवांगीने विचारलं.

"सहाच्या सहा."

"कुठे आहेत?"

सत्यजितने आपल्या बाजूला हात फिरवला. तिथे बशी होती, फोन होता, चहाचा मग होता. एकही डबी नव्हती. त्याने टेबलावर नजर टाकली. लाल सहा आणि निळे पाच माझ्यासमोर, बागेत बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे, ओळीने बसले होते.

"बाबा," तो म्हणाला, "माझे ट्रक परत करा."

"हो," मी म्हणालो.

"आत्ता."

"हो. चेरी आल्या की लगेच."

"चेरी चार वर्षांनी येणार!"

"त्याला माझा इलाज नाही रे. रिकामे कसे परत करू?"

मग उल्हास खुर्चीत मागे रेलला आणि छताकडे तोंड करून हसायला लागला.

"शिवांगी, हे रूलमध्ये बसतं?" सत्यजितने विचारलं.

शिवांगीने कागद उघडलेसुद्धा नाहीत. "काका 'नाही' म्हणालेले नाहीत. 'हो'च म्हणालेत. ट्रक कधी परत करायचे याची मुदत रूलमध्ये नाही. मी घालायला हवी होती. पण आता नाही घालणार."

"मग माझेच शेंगदाणे घाला त्यात आणि द्या!"

"तुझंच तुला?" मी म्हणालो. "तसं कोणी करतं का?"

"मग उल्हासचे बदाम घाला!"

"एकाच्या घरचं दुसऱ्याला? आणि तेही त्याच्यासमोर?"

"आहेरात चालतं ते," शोभा जिन्यातून म्हणाली. ती केव्हा येऊन बसली होती कोण जाणे. "डब्यात नाही चालत."

"आई, हे एक युद्ध आहे!"

"असू दे. युद्धातसुद्धा रीत असते."

सत्यजित उभा राहिला. मला वाटलं, आता संपलं. कारण त्याच्याकडे अजून एक मार्ग होता, आणि तो मला पहिल्यापासून माहीत होता. 'रिकामेच परत करा' एवढा हुकूम त्याने दिला असता, तर मला 'नाही' म्हणता येत नव्हतं. सगळा द्रोव्हिनिया त्या एका वाक्यावर उभा होता. त्याने तोंड उघडलं.

"बाबा, ते सगळे ट्रक रि..."

तो थांबला. शोभा त्याच्याकडे बघत होती. आसावरीने सुया मांडीवर ठेवल्या.

"म्हण ना," ती म्हणाली. "म्हण, रिकामे पाठवा. आणि मग वरच्या फळीवरचे उल्हासच्या घरचे तीन डबे पण आजच रिकामे देऊन टाकू. मी चार वेळा म्हटलं तर 'असे कसे देणार' म्हणून तूच मला थांबवलंस."

"गणपतीपासून पडलेत बे ते," उल्हास डोळे पुसत म्हणाला. "बायको रोज विचारते."

सत्यजितने दोन-तीन वेळा ओठ हलवले. एवढा मोठा संघराज्याचा अधिपती, ऑफिसात त्याच्या हाताखाली कितीतरी माणसं आहेत म्हणतात, पण त्याला तो शब्द आईच्या देखत उच्चारता येईना. शेवटी तो खाली बसला आणि त्याने कपाळ टेबलावर, बरोबर आपल्या राजधानीवर, टेकवलं.

"विलीनीकरण रद्द," शिवांगीने जाहीर केलं. "त्रेपन्न संपलं. द्रोव्हिनिया नकाशावर आहे. निळी आघाडी आक्रमण करू शकत नाही, कारण..."

"माझे पण पाच तिथेच आहेत, एकात कुठली पलटण मावते," उल्हास म्हणाला. "महायुद्ध टळलं यार! शेंगदाण्यांवर टळलं!" आणि त्याने पोलादाची मूठ भरून तोंडात टाकली.

पाहुणे गेल्यावर आम्ही वर आलो. सत्यजित ओट्याशी उभा राहून पाणी पीत होता. शोभा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू काहीतरी म्हणाला होतास. शेवटी देश राहिला तर."

"हो आई, आठवतंय. बाबा, काय हवंय तुम्हाला?"

हा भाग मला सगळ्यात अवघड गेला. अकरा ट्रक अडवून धरणं त्याच्यापुढे काहीच नव्हतं. मी पुतळ्यासारखी पाठ करून उभा राहिलो, खिडकीतून मेलबॉक्सकडे बघत, आणि म्हणालो, "मला एकट्याला ट्रेनने शिकागोला जायचंय. वाचनालयात. जाऊन परत यायचंय."

मागे ग्लास ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग सत्यजित म्हणाला, "मी या खिडकीत उभा होतो त्या दिवशी. कॉफी घेत होतो. तुम्ही पडलात आणि उठला नाहीत."

"चष्मा शोधत होतो रे."

"ते मला इथून दिसत नव्हतं बाबा. मी सॉक्सवरच पळत आलो होतो."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे तो आला होता हे माहीत होतं, पण त्याच्या पायांकडे मी बघितलं नव्हतं. क्षणभर मला वाटलं, मागणं परत घ्यावं. 'हो, जाऊ कधीतरी तुझ्याबरोबर' एवढं म्हटलं की झालं. पण शोभा माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की ती वाट मला बंद झाली.

"आता बर्फ नाही," मी म्हणालो.

तो खाली, स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फोन चालू ठेवायचा. पोचल्यावर मेसेज करायचा. तीनच्या ट्रेनने परत निघायचं."

"हो."

त्याने मान वर केली आणि डोळे बारीक केले. "बाबा, हे 'हो' कुठलं? द्रोव्हिनियाचं, की आपलं?"

"आपलं," मी म्हणालो. म्हणताना मला तसंच वाटत होतं.

मंगळवारी सकाळी त्याने मला स्टेशनवर सोडलं. ट्रेन सुटेपर्यंत तो गाडीतून उतरून प्लॅटफॉर्मवर उभा होता आणि मी कोणत्या सीटवर बसलोय ते खिडक्यांतून शोधत होता. आसावरीने जाताना माझ्या खिशात एक डबी टाकली होती, बिनठिपक्याची, सैल झाकणाची. आत खडीसाखर होती. "घसा सुकतो तुमचा," ती म्हणाली, "बोलायची वेळ आली की."

ट्रेनबद्दल आणि शहराबद्दल मी फार सांगत नाही. मला ते नीट सांगता येणार नाही, आणि ज्यांनी पाहिलंय त्यांना त्यात नवीन काही नाही. पोचलो, मेसेज केला. वाटेत दोनदा रस्ता चुकलो आणि एकदाही कोणाला विचारलं नाही. वरच्या मजल्यावर खरोखरच काचेचं छत होतं आणि त्यातून येणारा उजेड पानांवर अगदी सरळ पडत होता. मी खालच्या मजल्यांवर हिंडून एक जुना जाडजूड अ‍ॅटलास शोधला, युद्धानंतरच्या वर्षांतला, आणि शेवटची सूची उघडून बोट खाली खाली नेलं. द्रोव्हिनिया नव्हता. नसणारच. पण ज्या दोन नावांच्या मध्ये तो यायला हवा होता, त्या दोन ओळींमध्ये मला जरा जास्त जागा सोडल्यासारखी वाटली.

पुस्तकात काही लिहू नये, हे मी हजारो मुलांना सांगत आलो. मी लिहिलं नाही. मी खिशातल्या कागदाचा बोटभर तुकडा फाडला, त्यावर आमच्या धंद्यातल्या पद्धतीने, नीट इंग्रजीत, 'द्रोव्हिनिया: पाहा नेपरव्हिल' असं लिहिलं आणि तो त्या पानात ठेवून अ‍ॅटलास मिटला. मग इकडे तिकडे बघितलं. माझ्या वयाचा एक ग्रंथपाल टेबलामागे बसून काहीतरी वाचत होता. त्याने मला पाहिलं असावं. त्याने पान उलटलं.

अडीचला सत्यजितचा मेसेज आला: तीनची ट्रेन ना? मी 'हो' असं उत्तर पाठवलं, आणि वर जाऊन पुन्हा छताखाली बसलो. प्रश्नात आजची असं म्हटलेलं नव्हतं, असा विचार मी केला खरा, पण तो मलाच फारसा पटला नाही. पानं संपायची होती, एवढंच खरं. मी त्याच्या पुढच्या ट्रेनने परत आलो.

स्टेशनबाहेर सत्यजित गाडीला टेकून उभा होता. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने फक्त दार उघडलं. मग सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने माझ्यासमोर तळहात धरला.

"डबी द्या. आसावरीने सांगितलंय, विसरू नका म्हणून."

मी खिसा चाचपला. डबी होती. खडीसाखर मी दुपारी छताखाली बसून संपवली होती.

"देतो," मी म्हणालो. "पण आज रिकामी आहे रे."

त्याने हात मागे घेतला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मी समोर बघत राहिलो. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा त्याने हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

"गुरुवारी मी घरूनच काम करतोय," तो म्हणाला. "सकाळच्या ट्रेनला सोडतो. येताना काहीतरी घेऊन या डबीत."

"हो," मी म्हणालो.